घरासाठी फटकी

"हात नका लावू. कुणीच हात लावायचा नाही!"

महजबीनचा असा आवाज मिरचीच्या पथारीवर कुणी ऐकला नव्हता. पुण्याहून यायची तेव्हा ती दवाखान्यात बोलतात तशी हळू बोलायची आणि बायका तिच्यापुढे दंड उघडे करून रक्त द्यायला बसायच्या. आज ती ढिगापुढे हात पसरून उभी होती. समोर तीसएक बायका, प्रत्येकीच्या हातात रिकामं फडकं. मागे डेग चुलीवरून उतरली होती. दाळ-गोश्तचा वास सगळ्या आवारात भरला होता आणि कुणीच जेवायला बसलेलं नव्हतं.

सगळ्यात पुढे कमलीबाई. तिने महजबीनला फ्रॉकमध्ये असताना कडेवर घेतलेलं. ती हसली.

"काय व्हयनं वं मैजू? आमना वाटा शे तो."

"माहीत आहे मावशी."

"मंग बाजूले सर."

"नाही सरणार."

कमलीबाईचं हसू गेलं.

आज पथारी उठायची होती. दिवाळीनंतर ओली लाल मिरची गावाबाहेरच्या या मोकळ्या रानात पसरायची, वाळवायची, उलटायची, निवडायची. आणि शेवटच्या दिवशी जाकीरशेठच्या घराने मजुरांना जेवू घालायचं आणि फटकी वाटायची, ही आजोबांपासूनची रीत. फटकी म्हणजे पावसाने मारलेली मिरची. पांढरी पडलेली, ठिपक्यांची, मोडली की आतून राखेसारखी धूळ उडणारी. नंदुरबारात कितीतरी जण ती विकून मोकळे होतात. जाकीरशेठने कधी विकली नाही. चांगलं विकायचं, वाईट आपण खायचं. गिऱ्हाइकाच्या ताटात आपलं पाप नको, असं ते म्हणत. म्हणून आधी घराचा वाटा, मग मजुरांचा, ज्याच्या फडक्यात मावेल तेवढा. फुकट.

यंदा अवकाळीने दोनदा झोडपलं होतं. ढीग माणसाच्या छातीएवढा होता.

"इद्रिसभाऊ!" कमलीबाईने महजबीनच्या डोक्यावरून हाक मारली. "तुन्ही बहीण येडी व्हई गयी!"


इद्रिस, एका दमात

आणि हे आजच, बाकी सगळे दिवस सोडून आज, जेव्हा गुजरातचा ट्रक निघाल्याचा फोन येऊन गेलाय आणि निम्मी पोती अजून शिवायची आहेत, काल पंपाने पाणी मारून मऊ केलेली मिरची, कारण पाणी मारलं नाही तर भरताना तिचा भुगा होतो, हे या घरात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही, पण मैजूला लागेल, तिला मिरची दिसत नाही, तिला ‘नमुना’ दिसतो, नोव्हेंबरात आभाळ फाटलं तेव्हा ताडपत्र्या ओढायला हिचा नमुना कुठे होता, अब्बांना सुरतेला नेताना गाडीत उलटीचं तसराळं कुणी धरलं होतं, हिने फोनवर रिपोर्ट वाचले, फक्त वाचले, आणि शेवटच्या आठवड्यात आली तर सगळ्यांनी म्हणायचं डॉक्टर लेक आली, डॉक्टर लेक आली, आणि मशिदीच्या पायऱ्यांवर एका माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं की शेठ घ्यायचे का हो गुपचूप, तेव्हा त्याचं थोबाड फोडायचं सोडून मी मान खाली घातली, मी, ती नाही, आणि आता बाजार जरा पूर्वीसारखा सलाम करायला लागलाय तर ही तीस बायकांसमोर ओरडते की जाकीरशेठची मिरची खाऊ नका, आणि माझ्या पायात बूट जाईनात म्हणून मी चपला घालून फिरतोय हे कुणाला दिसत नाही, बरंच आहे, दिसू नये.

"पेढीवर चल," तो तिला म्हणाला. "सगळे चला. अम्मी, तूपण."


पेढीवर

पेढी म्हणजे पत्र्याची खोली, वजनकाटा आणि जाकीरशेठची खुर्ची. खुर्चीवर अम्मी, म्हणजे शहाबानो, बसल्या. त्यांच्या मागे इद्रिसची बायको आफशीन, हातात थाळ्यांची चळत तशीच. धाकटा भाऊ आमीर दाराला पाठ लावून. मागच्या वर्षी त्याने मिरची दळायची गिरणी टाकली होती; पुडीवर अब्बांचा फोटो होता.

"बोल," इद्रिस म्हणाला. "पण हळू. बाहेर बायका आहेत."

"त्यांनीच ऐकायला हवं."

"मैजू!"

"भाईजान, मागच्या दोन्ही वर्षांची फटकी मी तपासून आणली. आत बुरशी आहे. बुरशीचं विष आहे. ते उन्हाने जात नाही, तळून जात नाही, कुटून जात नाही. थोडं थोडं पोटात जातं आणि जिगर खातं."

"जिगर," शहाबानो म्हणाल्या.

"हो अम्मी. अब्बांचं जे गेलं ते."

आफशीनच्या हातातल्या थाळ्या वाजल्या. तिने त्या खाली ठेवल्या.

आमीर पुढे आला. "आपाचं बरोबर आहे. मी कधीपासून सांगतोय, हे वाटावाटीचं बंद करा. जमाना कुठे गेला आणि आपण फडक्यात मिरच्या देतोय."

"तू गप रे! कालचा शेठ."

"का गप? ती शिकलेली आहे. तीन वर्षं त्यावर काम करतेय."

"मग पुण्यात करावं. पुण्यात माणसं नाहीत? त्यांना जिगर नाही?"

"तिथल्या बायका पथारीवर वाकत नाहीत, भाईजान!" महजबीनचा आवाज पुन्हा चढला. "इथल्या आणि धानोऱ्याच्या बायकांची रक्तं मी नेली. मशीन आणून पोटं तपासली. ज्यांचं यकृत मऊ असायला हवं त्यांचं जुन्या चामड्यासारखं लागलं. कमलीमावशीची सून, सोनम. आज आली नाही ना ती? का नाही आली ठाऊक आहे? तिच्या पोटात पाणी झालंय. माझं लग्न झालं तेव्हा तिला नीट साडी नेसता येत नव्हती, एवढी लहान आहे ती. आणि तिच्या कागदावर आमच्याच विभागातल्या एका शहाण्याने काय लिहिलं? मोहाची. एक शब्द. विचारलं नाही, नाक लावून पाहिलं नाही. डोंगरातली बाई आणि जिगर खराब, संपला तपास. ती पोरगी थेंबाला शिवत नाही. देवाला चढवलेली पण नाही घेत."

"लोक म्हणतातच," आमीर म्हणाला.

"लोक? अब्बांना काय म्हणाले लोक?"

इद्रिसने काट्यावर हात आपटला. काटा हलत राहिला. "तो विषय इथे नको!"

"बोलू दे तिला," शहाबानो म्हणाल्या.

"अम्मी..."

"मी म्हटलं, बोलू दे. ज्यांनी जनाज्याला खांदा दिला तेच वेशीवरून परतताना बोलले, जाकीरशेठ लपून घ्यायचे म्हणे. मला कळलं नाही असं वाटतं तुम्हाला? सुरतच्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून विचारलं, किती वर्षं पीत होते, खरं सांगा, आता लपवून उपयोग नाही. चाळीस वर्षं त्या माणसाच्या श्वासाशेजारी झोपले मी." त्या लेकीकडे वळल्या. "तू सांग. कशाला घाबरू नको. मिरचीने गेला ना तो?"

सगळे महजबीनकडे पाहत होते. इद्रिससुद्धा.

या प्रश्नासाठीच तिने हे काम हाती घेतलं होतं. उत्तर तिला रोज यायचं. आणि रोज तिला ठाऊक असायचं की ते देता येणार नाही.

"एका माणसाबद्दल तसं सांगता येत नाही, अम्मी."

"का?"

"काविळीचा विषाणू त्यांच्यात नव्हता. दारू नव्हती, हे तू सांगतेस. थोडी साखर होती. पुष्कळ माणसं एकत्र पाहिली की दिसतं, जे ही मिरची जास्त खातात त्यांच्या रक्तात या विषाची खूण जास्त. त्यातही मका आहे, शेंगदाणे आहेत, त्यांनाही बुरशी लागते, तेही वेगळं काढावं लागतं. अब्बांचं रक्त कुणी जपून ठेवलं नाही. तपासल्याशिवाय मी..."

"म्हणजे तू तीस बायकांना सोडवशील," शहाबानो हळू म्हणाल्या, "आणि बापाला नाही."

"तसं नाही ते."

"तसंच आहे! सोनम प्यायली नाही, हे तू शपथेवर सांगतेस. तुझा बाप प्यायला नाही, हे मी सांगते म्हणतेस. ‘तू सांगतेस’! कशाला शिकवलं तुला? परक्याच्या पोटात मशीन घालायला?"

"ऐकलंस?" इद्रिसला उभारी आली. "तिला स्वतःलाच माहीत नाही. आणि त्या भरवशावर मी धंदा बुडवायचा. छापणार आहे ती हे संशोधन पुढच्या महिन्यात. छाप. फक्त गावाचं नाव टाकू नको."

"मग काय टाकू? एक होतं गाव, तिथे होती मिरची?"

"थट्टा करू नको!"

"थट्टा तुम्ही करताय! दोन वर्षं फोनवर सांगतेय, फटकी वाटू नका. दोन वर्षं तुम्ही म्हणताय, हो मैजू, बघतो मैजू. मी समजत होते बंद झालं. आज येऊन बघते तर डेग चढलेली आणि फडकी पसरलेली."

"आपा, फटकी आजपासून बंद," आमीर मध्ये पडला. "मी सांगतो ना. पुरून टाकू. भाईजान, एवढंच मागतेय ती. पोती वेगळी, ढीग वेगळा. पोत्यांना कशाला धक्का लागतोय?"

"पोतीही तपासावी लागतील," महजबीन म्हणाली. "आणि तुझी गिरणीही."

आमीर तिच्याकडे बघत राहिला. "गिरणीत फटकी जात नाही."

"पोत्यातलीच जाते ना?"

"हे जास्त होतंय आपा." तो दारापासून निघाला आणि जाऊन इद्रिसच्या बाजूला उभा राहिला. "हे खरंच जास्त होतंय."


घरचा मसाला: कृती

फटकी घ्या. चांगली घेऊ नका, चांगली पोत्यातली, तिच्याकडे नवी नवरी असलात तरी बघायचं नाही.

देठ काढा. उन्हात टाका. ऊन पुरतं, असं धरून चाला.

फोडल्यावर आतून धूळ उडते. झटकू नका. सासूबाई सांगायच्या, झटकलं की बरकत जाते.

खोबरं, धणे, कांदा, दगडफूल खरपूस भाजा. सगळं एकत्र कुटा. कुटताना खोकला येईल, पदर तोंडाला लावा, थांबू नका.

नवऱ्याला आधी वाढा. तो म्हणेल, अजून. अजून द्या. पाव्हण्यांसमोर तो म्हणेल, आमच्याकडे जे खराब ते आम्ही खातो, शहाबानोच्या हातात ते अमृत होतं. पाव्हणे तुमच्याकडे बघून हसतील. तुम्हीही हसा. डोक्यावरचा पदर सारखा करा.

त्याचे डोळे पिवळे झाले, तोंडाची चव गेली, भाकरी नको म्हणाला, तर त्याच मिरचीचा ठेचा करा. लसूण जास्त घाला. ठेच्याबरोबर चार घास जातात. आपल्या हाताने भरवा. एक घास. अजून एक घास. अजून.

हे खुर्चीत बसून शहाबानोंनी कुणालाही सांगितलं नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि त्या त्याच्याकडे दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तशा पाहत होत्या. थोड्या वेळापूर्वी त्यांना लेकीकडून एकच गोष्ट हवी होती, की जाकीर मिरचीने गेला. आता ती गोष्ट समोर येऊन उभी राहिली होती आणि तिच्या हातात त्यांचाच चमचा होता.


आफशीन

ती या पेढीवर फारशी बोललेली नव्हती. इथे येऊन तिने चहा दिला होता, थाळ्या नेल्या होत्या, सासऱ्यांच्या औषधाची आठवण केली होती. म्हणून ती इद्रिसच्या पायाशी खाली बसली तेव्हा सगळ्यांना वाटलं, काहीतरी पडलं असेल.

तिने त्याची विजार घोट्यावर सारली आणि नडगीवर अंगठा दाबला.

"काय करतेस? आफशीन!"

तिने अंगठा काढला. खड्डा तसाच राहिला. बोट रुतवल्यावर कणकेत राहतो तसा.

"बघा," ती महजबीनला म्हणाली. "तुम्ही डॉक्टर आहात. बघा."

इद्रिसने पाय ओढून घेतला. "उठ! सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच. एकट्यात सांगून झालं. बूट का नाही घालत, तर म्हणे चामडं आकसलं. बूट आकसतात का हो? जेवण अर्धं राहतं, तर म्हणे बाजारात खाऊन आलो. अब्बाजीही हेच म्हणायचे. शब्दाला शब्द हेच."

"कधीपासून आहे हे?" महजबीनने विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता आणि त्यानेच इद्रिस जास्त भडकला.

"तुला काय करायचंय? नमुना हवाय?"

"हो! हवाय! तुझं रक्त हवंय मला! गेल्या वर्षी मागितलं तर म्हणालास, मी मजूर आहे का? सोनमच्या रांगेत बसायची लाज वाटली तुला. अब्बांचं नाही ठेवलं कुणी, आता तुझंही नको ठेवायला, मग दोन वर्षांनी अम्मी मला विचारेल कशाने गेला आणि मी पुन्हा म्हणेन, सांगता येत नाही!"

तिला रडू आलं आणि त्याचाही तिला राग आला. तिने डोळे मनगटाने पुसले. मनगटाला ढिगाची धूळ होती. डोळे झोंबले, लाल झाले, ती शिव्या देत बाहेरच्या नळाकडे पाहत राहिली.

"पायाला सूज हजार कारणांनी येते," आमीर म्हणाला. "दिवसभर उभा असतो तो."

"तुम्ही गप बसा भाई," आफशीन म्हणाली. दिराशी ती असं कधीच बोलली नव्हती. "तुम्ही मघाशी इकडे होता, आता तिकडे. गिरणीचं नाव निघालं की पाय हलले तुमचे. माझं काय हलणार आहे ते मला ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हा अब्बाजींनी मला हा ढीग दाखवला होता. बेटी, हे इमानदार घर आहे, म्हणाले. मी माहेरी फोन करून सांगितलं. गर्वाने सांगितलं." ती उठली. "मला इमानदार विधवा व्हायचं नाही."

शहाबानो उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं त्या सुनेच्या मुस्काटात देणार. त्या तिच्या शेजारून गेल्या आणि बाहेर पडल्या.


ढीग

पाण्याच्या पंपापाशी डिझेलचा कॅन होता. शहाबानोंनी तो दोन्ही हातांनी उचलला. बायकांनी वाट करून दिली. मोठी माय वाटा घालायला आली, एवढंच त्यांना कळलं. कॅन कशाला आणला हे कळेपर्यंत डिझेल ढिगावर होतं. माथ्यावर, उतारावर, पांढऱ्या सालींवर, काळ्या ठिपक्यांवर. त्या ढिगाभोवती फिरत होत्या आणि धार सोडत नव्हत्या.

"मोठी माय! काय करी ऱ्हायनी!"

"जाळू नको अम्मी!" आमीर धावला. "धूर झाला तर अर्धं नंदुरबार खोकत येईल!"

"जाळत नाही. कुणी खाऊ नये, एवढंच करते." कॅन रिकामा झाला. तो त्यांनी ढिगावरच फेकला. "कमली, याच्यात विष आहे. तुझी सोनम दारूने नाही पडली."

"ते मले माहीत शे." कमलीबाईचा चेहरा दगडासारखा झाला होता. "ती पेत नही, हाई मले तूच सांगशी का? गाव हासना, मी नही हासनू. पण हाई विष शे तं तुम्हीच देतस ना? दर सालले? हसत हसत देतस, जेवाले घालतस आनि देतस!"

"आम्हीही तेच खातो, मावशी," मागून इद्रिस म्हणाला. "घराचा वाटा आधी निघतो."

"तं खा! तुमले कोन खा म्हने? तुम्हना घर मा भाजी शे, मटन शे, वरथून हाई. आमना घर मा हाईच शे. भाकर आनि हाई." तिने फडकं झटकलं. बाकीच्या बायकाही आता जवळ सरकल्या होत्या. "आते त्यावर डिझेल टाकी दिधं. बरं करं. आम्ही सालभर काय खावानं? डिझेल?"



कमलीबाईने हात वर केला आणि पोत्यांच्या थप्पीकडे बोट दाखवलं. भरलेली, शिवलेली पोती, प्रत्येकावर लाल शाईत ‘जाकीर’ असा शिक्का.

"त्यामाईन दे."

"ते विकलंय," इद्रिस म्हणाला.

"ते मीच वाळाडं, मीच निवडं, मीच भरं. कधी दिधी का त्यामाईन एक तरी मिरची? एक?"

महजबीनला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं. तिने रक्त घेतलं होतं, पोटं मोजली होती, काय खाऊ नका याची चित्रं काढून ठेवली होती. मग काय खा, हे त्या चित्रांत नव्हतं. तिचा राग इतका वेळ भावावर होता. आता तो कुठे ठेवायचा हे तिला कळेना.

शहाबानोंनी आयुष्यभर त्या पोत्यांकडे पाहिलं नव्हतं. आता त्या सरळ थप्पीकडे चालत गेल्या.

"दाभण द्या कुणीतरी."

"अम्मी, सौदा झालाय. ट्रक येतोय."

"दाभण दे, इद्रिस."

त्याने दिलं नाही. पोती शिवायचं दाभण त्याच्या खिशात होतं; आफशीनने ते काढून सासूच्या हातात ठेवलं. इद्रिसने तिचं मनगट धरलं, मग सोडून दिलं. त्याच्या पकडीत जोर उरला नव्हता, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं.

सुतळीचे टाके एकेक करत सुटले. पोत्याचं तोंड उघडलं. वरची मिरची लाल, चमकती, देठासकट अखंड. बायकांतून आवाज निघाला. काय सुंदर माल होता.

"ये कमली. फडकं धर. ही जाकीरशेठच्या नावाची घे. हिच्यात खोट नाही. हिच्यासाठीच तो मेला."

कमलीबाईने फडकं पसरलं. शहाबानोंनी ओंजळ भरायला दोन्ही हात पोत्यात घातले, आणि खोलातली मिरची वर काढावी म्हणून कोपरापर्यंत आत नेले.

त्या तशाच थांबल्या.

"मैजू."

"काय अम्मी?"

"आत गरम आहे."

महजबीनने हात घातला. वर कोरडी, वीतभर खाली दमट, त्याखाली ऊब. ताप आलेल्या मुलाच्या काखेत हात घालावा तशी ऊब. एक मिरची तिने ओढून काढली, मोडली, नाकाशी नेली.

"पाणी कधी मारलं?"

"काल," इद्रिस म्हणाला. "सगळेच मारतात. अब्बाही मारायचे. नाहीतर भुगा होतो भरताना. वारा लागला की सुकते."

"बंद ट्रकमध्ये वारा लागतो? पोत्यांवर पोती रचून?" ती ओरडत नव्हती. "ओली करायची, दाबून भरायची, तापू द्यायची. भाईजान, बुरशी वेगळी काय मागते?"

"म्हणजे?" आमीरने विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. "चांगल्यातही आहे?"

"तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण आज नसली तर पोचेपर्यंत होईल. वरून लाल, आतून फटकी. आपण वाईट आपल्याकडे ठेवलं नाही आमीर. आपण फक्त आपल्याला दिसलेलं ठेवलं."

इद्रिस पोत्याच्या तोंडाकडे पाहत होता. त्याने हात आत घातला नाही. आयुष्यभर त्याने तो घातला होता, गिऱ्हाइकासमोर, मूठ भरून काढून, बघा शेठ, घ्या वास. ऊब त्याला नेहमीच लागली होती. तो म्हणायचा, ताजी आहे.

कमलीबाईचं फडकं अजून पसरलेलंच होतं.

"मंग हाई बी नही?" ती म्हणाली.

रस्त्याकडून ट्रक आत वळला. पाठीमागची फळी खाली सोडून तो थप्पीच्या दिशेने मागे येऊ लागला. क्लीनर लोंबकळत ओरडत होता, येऊ दे, येऊ दे.

शहाबानोंनी उघडं पोतं तसंच ठेवलं. थप्पीच्या पुढे, ट्रकच्या वाटेत एक भरलेलं पोतं आडवं पडलं होतं. त्यावर त्या बसल्या. नीट, पाय जुळवून, पाव्हण्यांत बसतात तशा.

ट्रक थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "शेठाणी, उठा. माल भरायचाय."

"माल नाही."

"हा काय मग? एवढा?"

"हा कसा आहे ते सांगता येत नाही. माझी लेक तपासेल. मग सांगेन."

ड्रायव्हरने इद्रिसकडे पाहिलं. इद्रिसने नजर उघड्या पोत्याकडे वळवली. ड्रायव्हरने हॉर्न दाबला, लांब, दोनदा. शेजारच्या पथाऱ्यांवरची माणसं उभी राहून पाहू लागली. कुणी कपाळावर हात धरून, कुणी कुंपणापर्यंत चालत येऊन. दोन मोटरसायकली रस्त्यात थांबल्या. आफशीन येऊन सासूच्या शेजारी त्याच पोत्यावर बसली. मग कमलीबाई, रिकामं फडकं मांडीवर घेऊन. तिचा चेहरा अजून तसाच होता. तिने कुणालाच माफ केलेलं नव्हतं, पण ती बसली.

"अम्मी," इद्रिस जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "उठ. गाव बघतंय."

"बघू दे," शहाबानो म्हणाल्या. "मागच्या वेळी त्यांनी न बघताच सांगितलं होतं."